चोविसाव्या आठवड्याचं कार्ड

नोरीन हॅनिगनचं पत्र आलं तेव्हा नोव्हेंबर होता. आता मार्च लागला होता. मधल्या चार महिन्यांत आयव्हर पेन्हॉलने ते एकदाच वाचलं होतं, पण उत्तर मात्र रोज दिलं होतं. दात घासताना, टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना, चहा गाळताना. सगळं मनातल्या मनात. कागदावर एक ओळ उतरली नव्हती. पत्र त्याने स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे खोचून ठेवलं होतं, त्यामुळे किती वाजले हे बघायचीसुद्धा त्याला चोरी झाली होती.

तसं पाहिलं तर पत्र खेळाबद्दलच होतं. टॅलबूर गावात दहा जणांची एक लीग होती, कागदावरची. मैदानात धावायचं ते हातपाय दोन्ही चालणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंनी, मेलबर्नमध्ये नाहीतर आणखी कुठे. टॅलबूरकरांनी दर मोसमाला त्यातले हवे ते जुने गडी ठेवून बाकीचे वाटून घ्यायचे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत एका कार्डावर नावं लिहून ते स्टावच्या दुकानातल्या बरणीत टाकायचं. मग शनिवार-रविवारी त्या पोरांनी लाथेने चेंडू मारला की तीन गुण, मुठीने ढकलला की दोन, झेल घेतला की तीन, गोल केला की सहा. दर आठवड्याला दोन-दोन संघांच्या जोड्या लागत, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. एकाला कप्तान करायचं. त्याचे गुण दुप्पट. कप्तान त्या दिवशी खेळलाच नाही तर शून्याची दुप्पट शून्य.

बाकीच्या जगात हे सगळं आता फोनवर एका बोटाने होतं म्हणे. टॅलबूरमध्ये मात्र कार्डच लागायचं. तेवीस वर्षांपूर्वी लीग सुरू झाली तेव्हा आयव्हर गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होता, आणि त्याच वर्षी कॉम्प्युटर आल्यामुळे पुस्तकांच्या यादीची हजारो कार्डं रद्दीत निघाली होती. आयव्हरच्याने ती टाकवली नाहीत. एका बाजूला पुस्तकाचं नाव आणि क्रमांक, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर गावातले दहा संघ दर आठवड्याला उतरायचे. भरलेली कार्डं जपून ठेवायचं साठ खणांचं लाकडी कपाटही त्याच्याच बैठकीत होतं. गुण मोजायचं काम त्याचं, आणि मोसमाच्या तोंडावर प्रत्येक संघाचा अंदाज लिहायचं कामही त्याचंच. नऊ संघांना दोन-दोन ओळी, आणि गतविजेत्यांना अख्खं पान. यंदा ते पुन्हा जिंकतील का, नसतील जिंकणार तर का नाही.

हे पान मार्चमधल्या लेबर डेच्या सोमवारी, क्लबच्या खोलीत, गडी वाटून घेण्याआधी मोठ्याने वाचलं जाई. लिहायचा आयव्हर, वाचायचा क्लेम हॅनिगन. चार माणसांपुढे उभं राहिलं की आयव्हरचा आवाज कुठेतरी पोटात जाऊन बसे. क्लेम सुतार होता, त्याचा आवाज करवतीसारखा होता, आणि आयव्हरच्या एका शब्दालाही तो धक्का लावत नसे. शेवटी मात्र न चुकता म्हणे, "हा झाला प्रोफेसरचा अंदाज. आता याच्या उलट धरून चाला, म्हणजे बरोबर येईल."

क्लेम गेल्या जुलैत गेला. त्याचा संघ, 'हॅनिगनचे रंधे', त्याच्या बायकोकडे, नोरीनकडे आला. आणि ऑगस्टच्या शेवटी त्या संघाने कप जिंकला. मग नोरीन घर बंद करून समुद्रकाठी पोर्टलंडला बहिणीकडे राहायला गेली, आणि तिथून हे पत्र आलं.

"प्रिय आयव्हर," तिने लिहिलं होतं, "एक गोष्ट सांगते, ती दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. दवाखान्यात क्लेमने सतरा ते चोवीस, सगळ्या आठवड्यांची कार्डं भरून ठेवली होती. वर आकडे घालून, रबर बँड लावून. मी दर शुक्रवारी एक काढून स्टावच्या बरणीत टाकत गेले. बस. कप देताना तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा मला जागच्या जागी नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

आता कार्डं संपली. तू दरवर्षी गतविजेत्यांचा अंदाज लिहितोस, तो या वेळी आधी मला पाठव. खरा. गडी बरे आहेत, पण कोच मी आहे. क्लेमच्या संघाचं हसं झालेलं मला बघवणार नाही. आशा नसेल तर नाही म्हण. तुझं काहीच आलं नाही तर मी समजेन की 'नाही' म्हणायला तुझी जीभ रेटत नाहीये, आणि लेबर डेच्या सकाळी स्टावला फोन करून संघ सोडते म्हणून सांगेन. होल्बीला ठेवू का, तेही कळव. माया म्हणून काही लिहू नकोस. इथे वारा फार असतो. नोरीन."

लीगचा नियम सरळ होता. कोच नसलेला संघ मोडायचा, गडी बाकीच्यांनी वाटून घ्यायचे आणि नाव फळ्यावरून पुसून टाकायचं.

आयव्हरला वाटे, खरं लिहिलं तर ती संघ सोडणार. खोटं लिहिलं तर ती संघ ठेवणार, जूनपर्यंत तळाला जाणार, आणि सगळं गाव हसत असताना तिला कळणार की आपल्याला फसवलं गेलं. तेही नवऱ्याच्या एकुलत्या एका मित्राकडून. आणि गप्प बसलं तरी संघ जाणारच. म्हणून तो गप्प बसला होता. हे काही शहाणपण नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

लेबर डेच्या आधीच्या मंगळवारी दुपारी तो स्टावच्या दुकानात गेला. उत्तरेचा भाजणारा वारा सुटला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि असल्या उन्हात स्टाव कराकोस कढईपुढे उभा राहून मासे तळत होता. लीगचा चिटणीस तोच. काउंटरवर कांद्याच्या लोणच्याची मोठी रिकामी बरणी होती. मोसमात कार्डं टाकायची ती हीच. पंख्याखालच्या टेबलाशी शाळेची बस चालवणारी शेरिल टकर बसली होती. अंतिम सामन्यात नऊ गुणांनी हरलेली ती हीच.

"या या, प्रोफेसर!" स्टाव ओरडला. "अंदाज झाला का?"

"होतोय."

"होतोय म्हणजे? बाळंतपण आहे का? सोमवारी वाचायचाय."

"बाकीचे नऊ झालेत. एकच राहिलाय."

"नोरीनचा?" शेरिल तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "त्याला कशाला पान पाहिजे? 'तळाला' असा एक शब्द लिही आणि घरी जाऊन झोप."

"तसं कसं," आयव्हर पुटपुटला.

"कसं म्हणजे? अरे, सगळं बघितलंय आपण. तेविसाव्या आठवड्यात बाईंनी रेन्शॉला कप्तान केलं. खांद्याचं हाड मोडून पोरगा गळ्यात झोळी बांधून बसलाय, पेपरात फोटो आलाय, आणि बाई त्याला कप्तान करतायत! आपण किती हसलो होतो, आठवतंय ना? तरी दोन गुणांनी जिंकल्या."

"तिचा नवरा नुकताच गेला होता, शेरिल," स्टाव म्हणाला.

"म्हणून तर मी तोंडावर हसले नाही. घरी जाऊन हसले. आणि पुढच्या आठवड्यात, माझ्याशी अंतिम सामना, तर होल्बी कप्तान! तेहतीस वर्षांचा रकमन! वर उडवलेल्या चेंडूसाठी त्या ताडमाड माणसाला उड्या मारताना बघून माझे गुडघे दुखतात. क्लेमने बोट तोडून घेतलं असतं, पण रकमनला कप्तान केलं नसतं. आणि तो बेटा नेमका त्याच दिवशी एकशे एकतीस गुण करतो. दुप्पट करून दोनशे बासष्ट! नुसतं नशीब. नशिबावर तू पान कसं लिहिणार, सांग ना?"

आयव्हरला काहीतरी खुपलं. चालताना बुटात खडा जावा तसं. पण तेवढ्यात स्टावने कागदात गुंडाळलेले बटाट्याचे काप त्याच्या पुढ्यात सरकवले आणि म्हणाला, "बरं, या वेळी तूच वाचायचंस हं."

"मी? नाही नाही. तू वाच."

"मी मासे तळतो बाबा. वाचायचं काम तुझं. क्लेम तर नाही आता."

"माझा आवाज..."

"खोली केवढी ती! ऐकणारे दहा, त्यातले तिघे बहिरे. घाबरतोस काय?"

आयव्हर घाबरूनच घरी आला. बुटातला खडा वाटेतच विसरला.

घरी त्याने गतविजेत्यांचं पान तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. आधीचे दोन मसुदे टेबलावर होते. पहिला गोड होता आणि खोटा होता. वाचला की त्याला कानकोंडं व्हायचं. दुसऱ्यात 'दहापैकी दहावे' असं सरळ लिहिलेलं होतं, आणि तो वाचला की क्लेमची शवपेटी पुन्हा उचलल्यासारखं वाटायचं. तिसरा लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आलं की आपण पानभर 'काही सांगता येत नाही' हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगतो आहोत. त्याने तोही बाजूला ठेवला.

आणि त्याच्या अंदाजाला मोल तरी काय होतं? तेवीस वर्षांची जुनी पानं त्याने काढून पाहिली. सतरा वेळा चुकला होता. गतविजेते लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकले असे तीन प्रसंग होते, आणि तिन्ही वेळा त्याने 'यांचं आता संपलं' असं ठासून लिहिलेलं होतं. असल्या माणसाच्या सांगण्यावर एका बाईने संघ ठेवायचा की सोडायचा?

निदान फोन तरी करावा, असं त्याने ठरवलं. ठरवून अर्धा तास खुर्चीत बसला. मग काय बोलायचं ते एका कागदावर लिहून काढलं, आणि तो कागद हातात धरून पोर्टलंडचा नंबर फिरवला.

"हॅलो?" पलीकडे एक करडा आवाज. नोरीनचा नव्हता, बहीण असणार.

"मी... नमस्कार. मी टॅलबूरहून... म्हणजे, तुमच्या घराच्या बाबतीत नाही, एका वेगळ्या..."

"हे बघा, आम्हाला छपरावर सोलरबिलर काही बसवायचं नाहीये! आठवड्यातला चौथा फोन आहे हा. लाज वाटते का काही?"

"वाटते," आयव्हर म्हणाला. "माफ करा." आणि त्याने फोन ठेवून दिला.

पुन्हा करायचा धीर झाला नाही. हिशेब मात्र त्याच्या डोक्यात बरोबर मांडला गेला. टपाल हल्ली रोज वाटत नाहीत, दिवसाआड वाटतात. शनिवार-रविवारी नाही, सोमवारी सुट्टी. म्हणजे शुक्रवारी पत्र तिच्या हातात पडायला हवं. म्हणजे उद्या, बुधवारी, संध्याकाळी पाचला पेटी उघडायच्या आत ते टाकायला हवं. नाहीतर नाही.

बुधवारी सकाळी तो उठला तो बुटातल्या खड्यासकट. शेरिल काय म्हणाली होती? क्लेमने बोट तोडून घेतलं असतं, पण रकमनला कप्तान केलं नसतं.

हे तर आयव्हरइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तेवीस वर्षं क्लेमने त्याला हे ऐकवलं होतं: रकमन संघात ठेवावा, त्याच्यावर प्रेम करावं, पण त्याला कप्तान करू नये, उंच माणसाचा गुडघा केव्हा दगा देईल सांगता येत नाही. होल्बीला त्याने अठराव्या वर्षी उचललं होतं, पोटच्या पोरासारखं जपलं होतं, आणि एकदाही, एकदासुद्धा कप्तान केलं नव्हतं.

मग दवाखान्यात खाटेवर पडून भरलेल्या कार्डावर त्याने होल्बीला कप्तान कसं केलं?

आयव्हरने न्याहारी तशीच ठेवली आणि तो कपाटापाशी गेला. गेल्या मोसमाचा खण त्याने ऑगस्टनंतर उघडला नव्हता. उघडावासा वाटला नव्हता. त्यात क्लेमचं अक्षर होतं. तो एक-एक कार्ड काढू लागला. सतरा, अठरा, एकोणीस. सुताराच्या चपट्या पेन्सिलीने काढलेली जाड, उभी अक्षरं. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. आणि चोवीस. आठही कार्डं त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीने मांडली.

सतरा ते तेवीस, कप्तान रेन्शॉ. सातही कार्डांवर तोच. आणि का नसावा? जुलैत रेन्शॉ लीगमधला सगळ्यांत भरवशाचा गडी होता. त्याचं हाड मोडलं ते बाविसाव्या आठवड्यात, क्लेमला जाऊन महिना उलटल्यावर. क्लेमला ते कळायची सोयच नव्हती. म्हणूनच तेविसाव्या आठवड्यात जायबंदी कप्तान कार्डावर, आणि सगळ्या गावात हशा. तोवर नोरीनचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ती रबर बँडमधून एक-एक कार्ड काढत होती आणि बरणीत टाकत होती.

पण चोविसाव्या कार्डावर रेन्शॉ कुठेच नव्हता. कप्तान होल्बी.

आयव्हर खुर्चीवर बसला. हे चार महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं. गुण त्यानेच मोजले होते! पण नेहमीसारखा त्याला लगेच संशय आला, तो स्वतःचाच. नोरीन जिंकावी असं वाटतंय म्हणून आपल्याला हे दिसत असेल. क्लेमने शेवटच्या दिवसांत, गुंगीत, सवय मोडली असेल. माणूस मरताना काहीही करतो. अक्षर तर त्याचंच होतं, ती चपटी पेन्सिल, तो मागे झुकलेला 'ह'. आयव्हरने भिंग आणलं. भिंगातूनही ते क्लेमचंच दिसत होतं. निदान फार तसं दिसत होतं.

मग चाळीस वर्षांच्या सवयीने, काही विचार न करता, त्याने कार्डं उलटी केली.

सतरा: मेंढ्यांच्या खुरांचे रोग. अठरा: मेंढ्यांची पैदास. एकोणीस: मेंढीपालन, तत्त्वे आणि व्यवहार. पुढे लोकर, कोकरं, जंत, मेंढ्यांची राखण करणारे कुत्रे. सगळी सहाशे छत्तीस क्रमांकाची, वाचनालयात लागत तशी, एका पाठोपाठ एक. आयव्हरला तो दिवस आठवला. दवाखान्यात न्यायला कोरी कार्डं दे, असं क्लेम म्हणाला होता, आणि त्याने खणातून एक जुडी उचलून दिली होती. "मेंढ्या देतोस होय," क्लेम हसला होता, "झोप लागावी म्हणून?"

चोविसाव्या कार्डाच्या मागे होतं: घरगुती मुरंबे आणि चटण्या. क्रमांक सहाशे एक्केचाळीस.

हे कार्ड त्या जुडीतलं नव्हतं. हे हॅनिगनांच्या स्वयंपाकघरातलं होतं. तिथल्या फडताळात पाच-पंचवीस कोरी कार्डं कायम पडलेली असत, आणि नोरीन त्यांच्यावर किराणा लिहायची.

आयव्हरने मुरंब्यांचं कार्ड मेंढ्यांच्या ओळीतून बाजूला सरकवलं. तेविसाव्या आठवड्यात गाव हसलं, ते तिने ऐकलं असणार. क्लेमचं चोविसावं कार्ड तिने हातात घेतलं असणार, त्याच्यावर मोडक्या हाडाचा रेन्शॉ कप्तान. ते बाजूला ठेवून तिने नवं कार्ड घेतलं, नवऱ्याची पेन्सिल घेतली, नवऱ्याचं अक्षर घेतलं आणि पहिल्यांदाच संघ निवडला. आणि निवडला तो कसा? होल्बीच का? शेरिल म्हणाली, नशीब. आयव्हरने त्या आठवड्याची कात्रणं काढून वाचली. गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर संघ जाहीर झाले तेव्हा होल्बीसमोरचा मोठा रकमन दुखापतीने बाहेर पडला होता. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिलाच सामना. होल्बी त्याला दिवसभर चेंडूला हात लावू देणार नव्हता. गावातल्या दहा कोचांपैकी हे एकीलाच दिसलं होतं. गुण मोजणाऱ्यालासुद्धा दिसलं नव्हतं.

मग तिने पत्रात आठही कार्डं क्लेमची का म्हटली असतील? कप त्याचाच राहावा म्हणून? की आपण त्याच्या शब्दात ढवळाढवळ केली याची तिला लाज वाटत होती? आयव्हरला ठरवता येईना, आणि ते विचारायचं कामही त्याचं नव्हतं.

घड्याळात तीन वाजून गेले होते. त्याने घड्याळामागचं पत्र काढलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि लिहायला बसला.

"प्रिय नोरीन,

उत्तराला चार महिने लागले. कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही.

तू लिहिलंस ते मी तपासून पाहिलं. सात कार्डं क्लेमची आहेत. आठवं नाही. सातांच्या मागे मेंढ्या आहेत आणि आठव्याच्या मागे मुरंबे. हे मी कुणाला सांगणार नाही, तूही काही सांगायची गरज नाही.

आता गतविजेत्यांचा अंदाज. संघ म्हातारा होत चाललाय. रेन्शॉचा खांदा सांधलाय, पण पहिला महिनाभर तो बिचकत खेळेल. मागच्या फळीतले दोघे बरे आहेत, तिसऱ्यात राम नाही. होल्बीला ठेवू नकोस. त्याच्या गुडघ्यावर उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो जूनपलीकडे टिकणार नाही. (तू ठेवशीलच.) दहांत मी तुम्हाला पाचवं धरतो. पुन्हा कप जिंकण्याची शक्यता आठात एक. मायेने लिहायचं असतं तर चारात एक लिहिलं असतं.

कोचबद्दल म्हणशील, तर तिने आजवर एकदाच संघ निवडलाय आणि तो अंतिम सामन्याचा होता. तेवढ्यावरून मला अंदाज बांधता येत नाही. आणखी चोवीस कार्डं बघावी लागतील. सोबत पाठवतो आहे.

माझे अंदाज तेविसांपैकी सतरा वेळा चुकलेत, हेही लक्षात असू दे.

सोमवारी हेच पान मला मोठ्याने वाचायचंय, मेंढ्या आणि मुरंबे वगळून. तू त्या सकाळी स्टावला फोन करशील, तो गड्यांची नावं सांगायला कर.

आयव्हर."

वाचून पाहिलं तर चार ठिकाणी खटकलं. दुरुस्त करायला वेळ नव्हता. त्याने कोऱ्या कार्डांचा खण उघडला, सहाशे एक्केचाळीसपासून पुढची चोवीस कार्डं मोजून काढली: लोणची, पाव, सूप, मासे टिकवण्याच्या पद्धती. त्यांना रबर बँड लावला. वर आकडे घातले नाहीत.

पोस्टात पोहोचला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती आणि सदरा पाठीला चिकटला होता. काउंटरवरच्या बाईने जुडीकडे पाहिलं.

"हे साध्याने नको टाकूस, आयव्हर. एक्सप्रेसचं पाकीट घे. शुक्रवारी पोचायलाच हवं म्हणतोस ना?"

"पोचेल का नक्की?"

"पोचेल."

"नक्की?"

"अरे, मी स्वतः जाऊन देऊ का?"

त्याने पाकीट घेतलं, पत्ता लिहिला, चिकटवलं, आणि पत्र आत ठेवलं की कार्डंच ठेवली या शंकेने पुन्हा सोडवायला निघाला. बाईने त्याच्या हातावर हात ठेवला. "दोन्ही आहेत. मी बघितलंय. आण इकडे, थैलीत टाकते."

"नको," आयव्हर म्हणाला. "मी टाकतो."

बाहेर लाल पेटीशेजारी एक्सप्रेसची पिवळी पेटी होती. पाकीट जाड होतं. फटीत अर्धं जाऊन अडकलं. क्षणभर त्याला वाटलं, हे असंच परत ओढून घेता येईल, घरी जाऊन ती चार वाक्यं नीट करता येतील. रस्त्याच्या टोकाला टपालाची गाडी वळताना दिसली. त्याने तळहाताने पाकिटाला जोर दिला आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात काढला नाही.